जंतूंचे कूळ आणि जंतूंचे नाव

अनोळखी माणूस दारात आला, म्हणजे आपल्याकडे त्याला पहिल्याने नाव विचारतात आणि मागोमाग गाव व आडनाव विचारतात. नावाने माणूस कळतो, आडनावाने त्याचे घराणे कळते. दोन्ही उत्तरे मिळाली, की त्याला ओटीवर बसवावयाचे की दारातूनच वाटेला लावावयाचे, हे घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंच्या बाबतीत शास्त्रज्ञांना हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. हा कोणत्या कुळातला, हा पहिला प्रश्न. आणि याला कोणत्या नावाने ओळखावयाचे, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. परंतु जंतूंच्या शरीरातील सारा आनुवंशिक मजकूर अक्षर अन् अक्षर वाचता येऊ लागल्यापासून असे दिसून आले आहे, की काही वेळा कुळाचे उत्तर एक येते आणि नाव मात्र निराळे ठेवावे लागते. असे का होते, आणि त्यात तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसाचे काय अडले आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

उदाहरणासाठी आपण प्लेगचा जंतू घेऊ. गाव ओस टाकून रानात झोपड्या बांधून राहण्याच्या हकिगती आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग्यांचा ताप व सुजलेल्या गाठी पाहून हा प्लेग होय, असे निदान केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येरसँ या शास्त्रज्ञाने रोग्याच्या गाठीतील द्रवामध्ये प्लेगचा जंतू पाहिला होता. त्या जंतूचे कुळनाम पुढे किती वेळा बदलले, हे पाहिले म्हणजे एकच मूल चार घरी दत्तक दिल्यासारखे वाटते. कोणी त्याला बॅक्टेरियम म्हटले, कोणी बॅसिलस. त्यानंतर लुई पाश्चर यांच्या नावावरून तो दीर्घकाळ ‘पाश्चुरेला पेस्टिस’ होता. १९४४ मध्ये येरसँच्या सन्मानार्थ त्याला ‘येर्सिनिया’ या प्रजातीत घालावे, अशी सूचना आली आणि आज जगभर तो ‘येर्सिनिया पेस्टिस’ याच नावाने ओळखला जातो. जंतू तोच, रोगही तोच. बदलत गेली ती त्याला पाहण्याची आपली दृष्टी.

ही दृष्टी आरंभी फारच तोकडी होती. वनस्पती व प्राणी यांची शिस्तवार मांडणी करणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकात सूक्ष्म जीवांना कृमींच्या वर्गात एका कोपऱ्यात लोटले आणि त्या कोपऱ्याला ‘केऑस’, म्हणजे निव्वळ गोंधळ, असे नाव दिले. पुढे १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी जंतूंचे गोल, दांडीसारखे, नागमोडी असे आकारावरून गट पाडले. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतूंना रंग देण्याची एक युक्ती शोधून काढली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडून देतात व नंतर दिलेला तांबडा रंग घेतात. या साध्या युक्तीने जंतुसृष्टीचे दोन मोठे तट पडले, आणि आजही प्रत्येक प्रयोगशाळेत पहिली कसोटी हीच लावतात. परंतु शेकडो प्रकारच्या जंतूंचा आकार दांडीसारखाच असतो आणि रंगही तांबडाच येतो. तेव्हा नुसत्या रूपावरून ओळख पटविणे म्हणजे जत्रेतल्या गर्दीत सगळ्या पांढऱ्या टोप्यांतून एकाला हुडकण्यासारखे होते.

म्हणून शास्त्रज्ञांनी जंतूंचे रूप सोडून त्यांच्या सवयी तपासण्यास प्रारंभ केला. हा कोणती साखर आंबवितो, प्राणवायूशिवाय जगतो काय, ऊब किती लागते, हालचाल करतो की नाही, अशा वीस-पंचवीस कसोट्या लावावयाच्या आणि उत्तरे तक्त्याशी ताडून पाहावयाची. १९२३ साली अमेरिकेत डेव्हिड बर्गी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला जंतूंचा मोठा संदर्भग्रंथ याच पद्धतीवर उभा होता. प्लेगच्या जंतूचा एक जवळचा भाऊबंद आहे, त्याचे नाव ‘येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस’. नाव लांबलचक असल्यामुळे आपण त्याला नुसता ‘चुलतभाऊ’ म्हणू. या दोघांना वेगळे ओळखण्याच्या जुन्या खुणा दोन होत्या. थंड हवेत वाढविला तर चुलतभाऊ शेपटासारखे तंतू हलवीत पोहतो, प्लेगचा जंतू मात्र निश्चल राहतो. आणि चुलतभाऊ युरिया फोडतो, प्लेगचा जंतू फोडीत नाही. या खुणा श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवाव्या. त्यांचे मर्म कळावयास पुढे शंभर वर्षे लागली.

तथापि सवयींची यादी म्हणजे कुळाचा पुरावा नव्हे. दोन परक्या माणसांना एकच पदार्थ आवडावा, तसे अगदी भिन्न कुळांतील दोन जंतू एकच साखर खाऊ शकतात. शिवाय मूळची एक अडचण होती. घोडा व गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती वेगळ्या, असे आपण म्हणतो. जंतूंमध्ये विवाहही नाही आणि संततीही त्या अर्थाने नाही. एकाचे दोन होतात, दोनांचे चार. त्यातही शेजारणीकडून विरजण आणावे तसे जंतू आनुवंशिक गुणांचे तुकडे शेजारच्या, प्रसंगी परक्या जातीच्या जंतूकडूनही उचलतात. अशा सृष्टीत ‘जाती’ या शब्दाला अर्थ तरी कोणता द्यावयाचा?

याचे उत्तर डीएनएमध्ये शोधण्यात आले. डीएनए हा चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला लांबच लांब लेख असून तो दोन पदरांचा असतो. तापविले की हे पदर सुटतात, निवू दिले की जुळतात. एका जंतूचे सुटे पदर दुसऱ्या जंतूच्या पदरांशी कितपत जुळतात, हे मोजले की दोघांच्या नात्याचा अंदाज येतो. हे जुळणे शेकडा ७० किंवा अधिक असेल तर दोन्ही जंतू एकाच जातीचे समजावे, असा संकेत १९८७ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने मान्य केला. त्याच सुमारास अमेरिकेतील कार्ल वूज यांनी दुसरी वाट पाडली होती. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने घडविणारा एक कारखाना असतो. त्या कारखान्याच्या एका भागाचे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक सर्व जंतूंमध्ये सापडते व फार सावकाश बदलते. त्याला त्या जंतूची सही म्हणता येईल. अशा सह्यांची तुलना करून वूज यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना आपण सरसकट जंतू म्हणत होतो त्यांतील एक गट मुळातच निराळा आहे. आज त्या गटाला ‘आर्किया’ म्हणतात.

पुढे १९९५ मध्ये ‘हिमोफिलस इन्फ्लुएंझी’ या जंतूचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे १८ लाखांहून अधिक अक्षरांचा लेख, प्रथमच वाचण्यात आला. आता पदर जुळवून अंदाज बांधण्याचे कारण उरले नाही. दोन जंतूंचे लेख शेजारी शेजारी मांडावे, जे भाग दोघांत आहेत ते ओळीने लावावे आणि किती अक्षरे जुळतात ते मोजावे. सरासरीने शेकडा ९५ वा अधिक अक्षरे जुळली, तर जाती एक. २०१८ मध्ये सुमारे ९० हजार जनुकसंचांची अशी तुलना प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की बहुतेक जोड्या एक तर ९५ च्या वर असतात किंवा त्याच्या पुष्कळ खाली. मधल्या पट्ट्यात तुरळकच. म्हणजे निसर्गातही बांध आहेत. मात्र ते सगळीकडे सारखे रुंद नाहीत, आणि ९५ हा आकडा त्या बांधांवर आपण रोवलेला दगड आहे, हे विसरून चालणार नाही.

हा दगड प्लेगच्या शेतात रोवावयास गेल्यावर काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९८० मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्लेगचा जंतू आणि त्याचा चुलतभाऊ यांचे डीएनए जुळवून पाहिले. ते इतके जुळले, की ७० ची मर्यादा कोठल्या कोठे मागे राहिली. कुळाच्या न्यायाने दोघांची जाती एकच ठरली. नियमाप्रमाणे जुन्या नावाला मान द्यावयाचा असतो, आणि चुलतभावाचे वर्णन प्लेगच्या जंतूच्या आधी झालेले होते. तेव्हा प्लेगच्या जंतूने आपले स्वतंत्र नाव सोडून त्याच्या जातीत उपजाती म्हणून नांदावे, असे सुचविण्यात आले.

शास्त्रदृष्ट्या यात चूक काहीच नव्हती. परंतु चुलतभाऊ काय करतो? दूषित अन्नापाण्यातून पोटात जातो, ताप आणतो, पोट दुखविते आणि बहुधा माणूस त्यातून आपोआप बरा होतो. आणि प्लेगचा जंतू? गाठीच्या प्लेगवर उपचार झाले नाहीत, तर निम्मे किंवा त्याहून अधिक रोगी दगावतात. तो फुप्फुसात उतरला आणि औषध वेळेवर मिळाले नाही, तर रोगी सहसा वाचत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालावर दोघांचे जातिनाम एकच आले आणि कामाच्या घाईत कोणी उपजातीचा शेवटचा शब्द वाचावयाचा राहिला, तर काय अनर्थ ओढवेल, याची कल्पना कोणालाही येईल. जंतुनामांचा आंतरराष्ट्रीय कायदा करणाऱ्यांनी ही शक्यता आधीच ओळखली होती. ज्या नावाने माणसाच्या जिवाला धोका उत्पन्न होईल ते नाव, शास्त्राच्या नियमात बसत असले तरी, रद्द करता येते, असे एक कलम त्या कायद्यात आहे. अशा नावाला लॅटिन भाषेत ‘नोमेन पेरिक्युलोसम’, म्हणजे संकटकारक नाव, असे म्हणतात. १९८५ मध्ये या कायद्याच्या न्यायमंडळाने हेच कलम लावून नवे नाव फेटाळले आणि ‘येर्सिनिया पेस्टिस’ हे नाव कायम ठेवले. कूळ एक आहे हे मान्य करूनही नाव वेगळे ठेवण्याचा हा निर्णय माणसांनी माणसांसाठी घेतलेला होता.

मग इतक्या जवळच्या दोन भावांत एवढा फरक आला कोठून? २००१ मध्ये प्लेगच्या जंतूचा सुमारे साडेशेचाळीस लाख अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये चुलतभावाचा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. प्लेगच्या जंतूने दोन लहान डीएनए-कडी बाहेरून मिळविली आहेत. त्यांतील एका जनुकामुळे तो पिसवांच्या पोटात तग धरतो. दुसऱ्या कड्यावरील एका जनुकामुळे त्याला माणसाच्या शरीरात पसरता येते. ही झाली कमाई. परंतु जे त्याने गमावले तेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्याची दीडशेच्या आसपास जनुके मोडून निकामी झालेली आहेत. पोहण्याचे तंतू तयार करण्याचा हुकूम सोडणारे जनुक मोडले आहे, म्हणून तो निश्चल. युरिया फोडणाऱ्या यंत्रणेतील एक जनुक मोडले आहे, म्हणून तो युरिया फोडीत नाही. आणि ते मोडल्याने त्याचा फायदाच झाला, कारण ती यंत्रणा पिसवांना घातक असते. आतड्याला चिकटण्याची साधनेही निकामी झाली आहेत, कारण पिसवांच्या चाव्यातून सरळ शरीरात शिरणाऱ्याला आतड्याशी कर्तव्य नाही. मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या जुन्या खुणा त्या याच. जुन्या प्रयोगशाळांतील माणसांनी कारण न कळताही ज्या दोन गोष्टींवर बोट ठेवले, त्या या जंतूच्या साऱ्या चरित्राच्या खुणा होत्या. नव्या विद्येने जुन्या विद्येला खोटे पाडले नाही. तिचा अर्थ सांगितला.

नावाचा आणि ओळखीचा हा प्रश्न १९९४ मध्ये आपल्या अगदी दाराशी येऊन ठेपला. १९६६ नंतर भारतात माणसांमध्ये प्लेगची नोंद झालेली नव्हती. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या तापाचे रोगी आढळले आणि सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. लाखो लोकांनी सुरत सोडली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. विमाने बंद झाली, व्यापार अडला. आणि त्याच वेळी जाणत्या मंडळींत वाद माजला, की हा खरोखर प्लेग आहे काय? कोणी मेलिऑयडोसिस या दुसऱ्या जंतुरोगाचे नाव घेतले, कोणी विषाणूचे. हा वाद रिकामपणचा नव्हता. नाव पक्के झाले नाही, तर औषध कोणते द्यावयाचे, कोणाला वेगळे ठेवावयाचे आणि जगाला काय सांगावयाचे, यांपैकी काहीच पक्के होत नाही.

तो वाद शेवटी मिटला तो जंतूंच्या साक्षीने. सुरत व बीड येथील नमुन्यांतून मिळालेले जंतू दिल्ली, ग्वाल्हेर व हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी जनुकांच्या कसोटीवर तपासले. ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन संस्था आणि हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांचा या कामात वाटा होता. ते जंतू येर्सिनिया पेस्टिस असल्याचे निष्कर्ष १९९६ व २००० या वर्षी प्रसिद्ध झाले. यातही एक मेख आहे. वूज यांनी दाखविलेली ती १,५०० अक्षरांची सही प्लेगच्या जंतूत व चुलतभावात जवळजवळ एकच असते. म्हणून नुसत्या सहीवर विसंबून भागले नाही. प्लेगच्या जंतूपाशीच असणारी जनुके आणि संपूर्ण डीएनएचा ठसा यांचीही साक्ष काढावी लागली. सही जुळली तरी सावकार दस्त नीट वाचून घेतो, तशातलाच हा प्रकार.

प्लेगचे उदाहरण एकटे नाही. हगवणीचा जंतू ‘शिगेला’ हा १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधला. जनुकसंचाच्या दृष्टीने तो आपल्या आतड्यात बहुधा निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ‘एश्चेरिचिया कोलाय’ याच जातीचा आहे. तरीही वैद्यकाच्या सोयीसाठी त्याचे निराळे नाव चालू आहे. याच्या उलट, कोलाय या एकाच नावाखाली किती भिन्न जीव नांदतात पाहा. प्रयोगशाळेतील गरीब कोलायचा लेख सुमारे ४६ लाख अक्षरांचा, तर रक्ती हगवण लावून मूत्रपिंड निकामी करू शकणाऱ्या ओ-१५७ या त्याच्या भाईबंदाचा सुमारे ५५ लाखांचा. नाव एकच, पण ही नऊ लाख अक्षरांची तफावत रोग्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आता जातीच्या नावावर न थांबता, हा त्या जातीतील कोणता वाण, त्याच्यापाशी कोणती विषारी जनुके आहेत आणि कोणत्या औषधाला तो दाद देत नाही, इथपर्यंत ओळख न्यावी लागते.

आज मोठ्या इस्पितळांतील प्रयोगशाळांत एक यंत्र आलेले आहे. वाढविलेल्या जंतूचा लहानसा ठिपका त्यात ठेवला, की लेसरचा झोत त्यावर पडतो, जंतूतील प्रथिने उडतात, त्यांचे वजन मोजले जाते आणि काही मिनिटांत नाव हाती पडते. परंतु यंत्र नाव स्वतः शोधीत नाही. त्याच्या स्मरणात जी यादी भरलेली असते, तिच्याशी ते ताडून पाहते. यादीत नसलेला जंतू त्याला ओळखता येत नाही, आणि कोलाय व शिगेला यांच्यासारख्या जवळच्या नातलगांत ते गडबडते. पंचांग चुकीचे असेल, तर ज्योतिषी कितीही हुशार असून काय उपयोग?

हे पंचांग बरोबर ठेवण्याचे काम अवाढव्य आहे. १९८० मध्ये जंतुनामांची एक अधिकृत यादी करून तीत सुमारे दोन-अडीच हजार नावे ठेवण्यात आली आणि बाकीची हजारो जुनी नावे मोडीत काढण्यात आली. आज मान्य नावे वीस हजारांच्या पुढे गेली आहेत. नवे नाव मान्य होण्यासाठी त्या जंतूचे जिवंत वाण दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावे लागते. असे एक मोठे संग्रहालय आपल्या पुण्यात आहे. परंतु माती, समुद्र व आपले स्वतःचे आतडे यांतील असंख्य जंतू काचपात्रात वाढतच नाहीत. त्यांचा जनुकसंच मात्र थेट मातीतून, पाण्यातून वाचता येतो. अशा लेखांसह मांडणी केली, तर जातींची संख्या एक लाखाच्या वर जाते. ज्याला कोणी जिवंत वाढविलेले नाही, त्याला नुसत्या लेखावरून नाव द्यावे काय? २०२२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्यासाठी निराळी नियमावली केली. जुनी नियमावली जिवंत वाणाचाच आग्रह धरते. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत.

नावे वारंवार बदलतात, ही डॉक्टरांची तक्रारही खोटी नाही. जुने नाव पाठ असलेल्या डॉक्टराला नवे नाव परके वाटते आणि तो थबकतो. परंतु कुळाचे ज्ञान निरुपयोगी म्हणून टाकून देता येत नाही, कारण साथीचा माग काढावयाचा असेल तर तेच उपयोगी पडते. लंडनच्या चौदाव्या शतकातील प्लेगच्या दफनभूमीतून मिळालेल्या दातांत शास्त्रज्ञांना या जंतूचे डीएनए सापडले आणि २०११ मध्ये त्यांनी त्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यानंतर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या अवशेषांतही हाच जंतू आढळला. आणि त्या प्राचीन जंतूपाशी पिसवांच्या पोटात टिकून राहण्याचे ते जनुक नव्हते. घातक जंतू एका दिवसात घडत नाही, थोडी कमाई व थोडे नुकसान करीत तो घडत जातो, हे आपल्याला या कुळकथेवरून कळते. आणि उद्या एखादा गरीब चुलतभाऊ तसाच बदलू लागला, तर ते वेळीच ओळखण्याची आशाही या ज्ञानामुळेच बाळगता येते.

तेव्हा कूळ आणि नाव या दोन्ही गोष्टी जपावयाच्या आहेत. कूळ जनुकांतील अक्षरे सांगतात व ते आपल्या सोयीने बदलत नाही. नाव ही माणसांनी एकमेकांना द्यावयाची सूचना असते आणि तिची जबाबदारी माणसांवर असते. डॉक्टरांनी रक्त, कफ वा लघवी जंतूंसाठी तपासण्यास सांगितली, तर शक्य तेथे औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्यावा, असे ते म्हणतात ते याचसाठी. औषधाने जंतू अर्धमेला झाला, तर तो पात्रात वाढत नाही आणि ओळख पटविता येत नाही. मात्र रोग्याची अवस्था गंभीर असेल, तर डॉक्टर औषधासाठी खोळंबणार नाहीत, हेही खरे. दोन-तीन दिवसांनी जो कागद हाती येतो, त्यावर बहुधा दोनच लॅटिन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्या दोन शब्दांवर आपले औषध ठरते.